वितंडा आणि संतपद

‘उगाच वितंडवाद घालू नका’ असे आपण कोणालाही सहज सुनावतो आणि समोरच्याला भांडखोर ठरवून मोकळे होतो. न्यायशास्त्रात हा शब्द इतका स्वस्त नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य कळावे म्हणून दोन्ही पक्ष प्रमाण आणि तर्क यांच्या आधाराने बोलतात, तो वाद. तो गुरूशी, शिष्याशी, सहाध्यायाशी करायचा. जिंकण्यासाठी छलासारखे डावपेचही लढवले की तो जल्प. दूरचित्रवाणीवर रोज रात्री चालतो तो बहुधा हाच. वितंडा जल्पाच्याच पोटातली, पण तिची खूण वेगळी: वितंडा करणारा स्वतःचा पक्ष मांडत नाही, फक्त समोरच्याचे खंडन करतो. यावर कोणी म्हणेल, ज्याला स्वतःचे काही सांगायचेच नाही त्याचे ऐकायचे कशाला? सूत्रकारांनीच उत्तर दिले आहे. कोवळे अंकुर राखायला काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे तत्त्वनिश्चय राखायला जल्प आणि वितंडा.

या कुंपणाचा सर्वांत शिस्तशीर वापर न्यायशास्त्राचे नावही न घेता रोममध्ये झाला. कॅथलिक चर्चमध्ये ‘देवाचा सेवक’, ‘वंदनीय’, ‘धन्य’ आणि ‘संत’ हे समानार्थी आदरशब्द नव्हेत, एकामागून एक चढायच्या पायऱ्या आहेत. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १६२७ मध्ये ‘धन्य’ ठरले आणि ‘संत’ ठरायला १८६२ साल उजाडले. या वाटेवर एक अधिकारी मुद्दाम आडवा उभा केलेला असे. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. उमेदवाराच्या सद्गुणांवर, त्याच्या नावावर सांगितलेल्या चमत्कारांवर शंका काढायच्या, एवढेच त्याचे काम. ‘मग संत कोण?’ याचे उत्तर त्याने द्यायचे नसे. पदसिद्ध वितंडाच ही! १९८३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी या पदाची धार काढून घेतली. त्यांच्याच कारकिर्दीत ४८२ जण संत झाले. पुढे मदर तेरेसांच्या प्रकरणात ख्रिस्तोफर हिचेन्स या टीकाकाराची साक्ष घेतली गेली. पण साक्षीदार आपले सांगून निघून जातो, वकील शेवटपर्यंत उलटतपासणी करतो.

आपल्याकडे संतपद कोणतेही कार्यालय देत नाही, लोक देतात; मग इथे वितंडेचे काय काम, असा आक्षेप येईल. तुकोबांना रामेश्वर भट्टांनी विरोध केलाच होता, असेही कोणी म्हणेल. पण तो विरोध वितंडा नव्हता. वेदार्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी भट्टांचा स्वतःचा ठाम पक्ष होता. पक्ष असलेला विरोधक मन वळले की शिष्यही होतो, आणि परंपरा सांगते की भट्ट तसे झाले. स्वतःचा पक्षच नसलेला शंकेखोर मात्र आपण कधी नेमला नाही. उलट, कार्यालय नाही म्हणूनच त्याची गरज इथे जास्त आहे. संन्यासी दीक्षेने होतो, महंत मठ नेमतो. ‘संत’ ही पाटी मात्र कोणीही, कोणाच्याही दारावर लावू शकतो. तेव्हा एखाद्या महाराजांच्या चमत्काराचा पुरावा मागणाऱ्याला ‘वितंडवादी’ म्हणून खाली बसवू नका. आधी त्याच्या शंकेचे उत्तर द्या.