पट्टी घेऊन जा

आकाशवाणीने विषय दिलाय निसर्गनिरीक्षणाची साधनं, आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. वही, पेन्सिल, टोपी, पक्ष्यांचं पुस्तक हे सगळं तुम्ही जाणता, त्यावर मी बोलत नाही. मी बोलणार आहे फक्त दुर्बिणीवर, आणि त्यातही ऐंशी-पंच्याऐंशी टक्के सूट लावून विकायला येते त्या दुर्बिणीवर. हिवाळा तोंडावर आहे, सणाचे सेल लागलेत, आणि रोज कुणी ना कुणी मोबाइलवरचा फोटो पुढे करून विचारतं, ‘मॅडम, साडेनऊ हजारांची दुर्बीण चौदाशेला मिळून राहिली, घेऊन टाकू का?’

माझं उत्तर ठरलेलं आहे. घरात पट्टी आहे का? पोरांच्या कंपासपेटीतली, पंधरा सेंटिमीटरची. ती आधी काढा.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोकांना बघायची गोडी लागली, याचा मला आनंदच आहे. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला एक कॉलर लावलेला वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. २०२० च्या नोव्हेंबरात लोणारचं सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. आता थंडी पडली की येळगाव, पेनटाकळी, नळगंगा, खडकपूर्णा, जिथे पाणी तिथे बदकं, आणि जिथे बदकं तिथे मोटरसायकलवरून आलेली दोन-चार मंडळी. गळ्यात दुर्बीण. छान आहे. पण त्यातल्या निम्म्या दुर्बिणी दुसऱ्या हिवाळ्यात दिसत नाहीत, कारण त्या कपाटावर पडलेल्या असतात. मालक म्हणतो, मला काही जमत नाही बुवा.

तर पट्टी. दुर्बिणीवर दोन आकडे असतात, मध्ये गुणिलेचं चिन्ह. पहिल्या आकड्यावर सगळ्यांचा जीव. दहापेक्षा वीस बरी, वीसपेक्षा तीस बरी. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अहो, उजेड आत येतो तो तिथूनच! दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ८×४२ असेल तर सव्वापाच. डोळ्याशी येणारा उजेडाचा ठिपका सव्वापाच मिलिमीटरचा. १०×२५ असेल तर अडीचचा. भर उन्हात तुमच्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी फरक कळत नाही, आणि दुकानात तुम्ही जाता दुपारीच. संध्याकाळ झाली की बाहुली पसरते. तरुण माणसाची अंधारात सात मिलिमीटरपर्यंत, माझ्यासारख्यांची पाचाच्या आसपास. आता अडीचचा ठिपका त्या बाहुलीत कुठे पुरणार? उजेड क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून सव्वापाच आणि अडीच यांच्यातला फरक दुपटीचा नाही, चौपटीहून जास्त आहे. शाळेतलंच गणित आहे, मुलांना विचारा.

आता त्या चौदाशेच्या दुर्बिणीवर काय छापलेलं असतं ते बघा. ३०×६०. त्याखाली ‘डे अँड नाइट’. त्याखाली १२६ मीटर, तिरपी रेघ, १००० मीटर. पट्टी लावा पुढच्या काचेला. भरतात किती? वीस, बावीस. काळी प्लॅस्टिकची कडी मोठी असते, तिला फसू नका, उजेड जातो तेवढीच काच मोजा. साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर, वरणाच्या छोट्या वाटीच्या तोंडाएवढं भिंग. तुमच्या हातात आहे ते अंगठ्याच्या पेराएवढं.

आणि ते १२६ सुद्धा सोडू नका. हजार मीटरवर एकशे सव्वीस मीटर रुंदीचा देखावा दिसतो, असा त्याचा अर्थ. तो कोन होतो सात अंशांच्या जरा वर. दुर्बीण खरोखर तीसपट असेल तर डोळ्याला तो देखावा तीसपट पसरलेला दिसायला हवा. सात त्रिक एकवीस, दोनशे दहा अंशांच्या वर. अर्धं वर्तुळ असतं एकशे ऐंशीचं. म्हणजे लोणारच्या काठावर उभं राहून तळ्याकडे रोखलेल्या या दुर्बिणीतून पाठीमागे लावलेली तुमची गाडीही थोडी थोडी दिसली पाहिजे! हातात धरून स्थिर बघायचं तर दहापटीच्या पुढे हात साथ देत नाही, हे वेगळंच. त्यामुळे ती तीसपट नसते हे एका परीने तुमचं नशीब.

मला म्हणायचंय ते इतकंच की ज्याने तो साठचा आकडा छापला, त्यानेच साडेनऊ हजारांचा आकडा छापला. कायदा म्हणतो, छापील किमतीच्या वर विकू नका. दुर्बिणीसारख्या वस्तूवर ती किंमत मुळात किती छापावी, याला तसा आवर नाही. पंच्याऐंशी टक्के सूट आहे ती त्या छापील आकड्यावर. काचेवर सूट कुणी देत नाही. काच चौदाशेची असते, कधी कधी तेवढीही नसते.

माझे वडील घाटाखालचे कास्तकार. बैलजोडी घ्यायला बाजारात गेलेला माणूस, विकणाऱ्याने आधी किती सांगितले आणि आता किती सोडले, यावर जोडी घेतो का? सांगणारा लाख सांगेल, त्याच्या तोंडाला कोण हात लावणार. सौदा व्हायचा तो शेवटी रुमालाखाली बोटं धरून होतो. पण त्याच्या आधी घेणारा बैलाचं तोंड उघडतो, दात मोजतो, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलाय. खूर उचलून बघतो. चालवून बघतो. आणि शिंगं ताजी रंगवलेली असली तर जरा जास्तच न्याहाळतो. चौदाशेची ती लालभडक भिंगाची दुर्बीण म्हणजे शिंगं रंगवलेली जोडी. तो लाल लेप तांबडा उजेड बाहेरच्या बाहेर परतवतो, म्हणून बाहेरून काच माणकासारखी दिसते आणि आतून बघावं तर सगळं रान हिरवट. लालबुड्या बुलबुल समोर बसलाय आणि त्याचं लाल तुम्हाला धड दिसत नाही, मग बघायचं काय?

आणि जोडी म्हणजे जोडी. दोन बैल एका जुवाखाली एका चालीने चालले पाहिजेत. एक इकडे ओढतोय, एक तिकडे, तर तास वाकडं जातं आणि हाकणाऱ्याचे खांदे भरून येतात. दुर्बिणीच्या दोन नळ्यांचं तेच. दोन्ही नळ्यांनी नेमकं एकाच ठिकाणी बघायला हवं. आत लोलक असतात, ते काटेकोर बसवून जखडावे लागतात, तपासावे लागतात. पैसा जातो तो तिथे. स्वस्त मालात ते कसेबसे चिकटवलेले. एकदा गाडीच्या डिकीत आपटली की एक नळी वर, एक खाली. डोळे बिचारे दोन चित्रं ओढूनताणून एक करतात, आणि पाच-दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. एका शाळेने सहलीसाठी अशा दुर्बिणींचं खोकंच मागवलं होतं. तळ्याच्या काठावर मुलं रांगेने उभी होती. खाली पाण्याच्या कडेला शेकाटे चरत होते, लाल लांब पाय, एरवी ओळखायला सोपा पक्षी. एकेक पोर दुर्बीण लावायचं, डोळे चोळायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. शेवटी सगळी मुलं माकडंच बघायला लागली, ती हाताच्या अंतरावर होती. त्या मुलांना काय वाटलं असेल? की पक्षी बघणं कंटाळवाणं असतं. याचा मला राग येतो. चौदाशे रुपये गेल्याचा नाही.

तेव्हा जोडी चालवून बघा. पट्टी लावलीत, आता दुकानाबाहेर या. समोर विजेची आडवी तार असेल, तिच्यावर दुर्बीण लावा आणि तार बघत बघतच दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर दूर न्या. दोन्ही नळ्यांत तार एकाच उंचीवर राहिली तर नळ्या जुळलेल्या. एकीत वर, एकीत खाली गेली तर परत ठेवा, दुकानदार काही म्हणो. मग पुढच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पांढरंफेक दिसलं तर काच कोरी, लेप नाही. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड परत जातो, आणि दुर्बिणीत असे दहा तरी पृष्ठभाग उजेडाला ओलांडावे लागतात. म्हणजे एक तृतीयांश उजेड वाटेतच खर्च. हिरवट-जांभळट, फिकट प्रतिबिंब दिसलं तर लेप आहे. ही विद्या काही नवी नाही, १९३५ साली जर्मनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी ती शोधली. नव्वदेक वर्षं झाली, आणि आपण अजून कोरी काच विकत घेतोय, सूट आहे म्हणून!

मोठी कसोटी रात्रीची. बुद्धपौर्णिमेला ज्ञानगंगेत मचाणावर बसायला आता तुमच्यातले कितीतरी जण जातात. चांदणं असतं, पाणवठा समोर असतो, आणि झाडाखालून काहीतरी काळं पाण्याकडे येतं. अस्वल का रानडुक्कर? इथे ‘डे अँड नाइट’ छापलेली दुर्बीण लावा. नुसत्या डोळ्यांना दिसत होतं तेवढंही दिसत नाही. त्या दुर्बिणीत रात्रीसाठी वेगळं काही यंत्र नसतं हो. रात्री बघते ती काच, मोठी काच. ४२ ला ८ ने भागा, ५० ला ७ ने भागा. इथे तर सातच्याही वरचा ठिपका मिळतो. आता ५० ची दुर्बीण मचाणावर चांगली की गळ्यात जड, यावर खरं तर बोलायला हवं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून मला तीन बोटं दाखवतायत, तीनच मिनिटं उरलीत.

मग सूट वाईटच का? नाही. नाव असलेल्या कंपनीची, पाच-दहा दुकानांत साधारण एकाच भावाने मिळणारी दुर्बीण सणात पंधरा-वीस टक्क्यांनी उतरली, तर ती खरी सूट. जुनं मॉडेल काढून टाकतायत, तीही खरी. खुशाल घ्या. आकाशवाणीवर कंपन्यांची नावं घ्यायची नसतात, म्हणून आकडे सांगते. ८×४० किंवा ८×४२, साधारण सहा ते दहा हजारांच्या दरम्यान. तेवढ्यात आयुष्यभर पुरेल अशी काच मिळते. जत्रेत पोरांना पन्नास-शंभराची प्लॅस्टिकची घेऊन देता, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते खेळणं आहे आणि खेळणं म्हणूनच विकतात. माझं भांडण आहे ते खेळण्यावर साडेनऊ हजार छापणाऱ्याशी.

दहा हजार जड वाटतात, मान्य. सोयाबीनला भाव नसला की सगळंच जड वाटतं. मग एक बैल असलेला माणूस काय करतो? शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करतो. आज तुझं रान, उद्या माझं. चार मित्रांनी मिळून एक चांगली दुर्बीण घ्या. शाळेने वीस फसव्या घेण्यापेक्षा दोन खऱ्या घ्याव्यात, मुलं आळीपाळीने बघतील. रांगेत थांबतील, पण पाळी आली की त्यांना शेकाट्याचा लाल पाय लाल दिसेल. मुख्याध्यापकांनो, ऐकताय ना?

घरपोच मागवत असाल तर खोकं उघडल्या उघडल्या पट्टी लावा, त्याच दिवशी. परत करायची मुदत थोडी असते. बिल जपा, छापलेल्या आकड्याचा आणि पट्टीचा असे दोन्ही फोटो काढून ठेवा. विकणारा ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. पुन्हा सांगते, एक-नऊ-एक-पाच.

चष्मेवाल्यांचं राहिलंच. डोळ्याकडची रबराची कड खाली दुमडायची, आणि चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतोय का ते दुकानातच बघायचं. अर्धाच दिसत असेल तर दुसरी मागा. पावसाळ्यात चामडी पिशवीत बंद करून ठेवू नका, काचेला बुरशी धरते. डब्यात ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या दाणेदार पुड्या टाका. आणि मुलांच्या हातात देण्याआधी सांगा की सूर्याकडे रोखायची नाही. उगवताना नाही, मावळताना नाही, ग्रहणात तर मुळीच नाही. आणि हो, दुकानात जाताना पट्टी.