झोंप कां येत नाहीं?

आंबागडचा किल्ला सुमारें इ. स. १७०० चा. देवगडच्या बख्त बुलंदाच्या अमदानींत राजाखान पठाणानें तो बांधला, असें मानतात. पुढें नागपूरकर भोसल्यांनीं तेथें बंदीवान ठेवले. आंतल्या विहिरीचें साचलेलें विषारी पाणी त्यांना पाजीत, असेंही सांगतात. त्यांना झोंप लागली नसेल, तर कारण शोधावयास नको. परंतु किल्ल्याखालच्या गांवीं, आपल्याच अंथरुणावर रात्र जागून काढणारा मनुष्य ‘काळजी आहे’ एवढेंच बोलून थांबतो, तेव्हां तपास अर्धाच राहतो.

त्याच तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. खाण असो, रेल्वे असो वा इस्पितळ, रात्रपाळी करून आलेल्याचें अंग थकलेलें असतें, पण शरीरांतील घड्याळ उजेड पाहून दिवस उगवल्याचें सांगत असतें. हें घड्याळ पेशींत कसें चालतें, याच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबाश व यंग यांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दिवसा पडून राहणाऱ्या अशा माणसास आळशी म्हणणें हा अन्याय होय. खिडकीला जाड पडदा लावणें तरी घरच्यांच्या हातीं आहे.

घोरणें हा घरोघरीं थट्टेचा विषय. पण घोरतां घोरतां श्वास अडतो, मनुष्य गुदमरून दचकतो, पुन्हां झोंपतो. सकाळीं त्याला कांहीं आठवत नाहीं, डोकें मात्र जड असतें. हा श्वासरोध रक्तदाब वाढवितो व हृदयावर ताण आणतो. रोग्यापेक्षां त्याची पत्नीच येथें खरी साक्षीदार. तिला डॉक्टरांकडे बरोबर न्यावें.

रात्रीं पायांत होणारी वळवळ पुष्कळदां रक्तांतील लोह कमी झाल्याची खूण असते. थायरॉइड ग्रंथि अति काम करूं लागली कीं छाती धडधडते. मधुमेहांत लघवीसाठीं वारंवार उठावें लागतें. भल्या पहाटें जाग येऊन मन काळवंडून जाणें, हें विषण्णतेच्या विकाराचें लक्षण असूं शकतें. उलट, दीर्घ जागरणानेंही विषण्णता बळावते. संध्याकाळच्या चहाचा अंमल तर मध्यरात्रींही पुरता उतरलेला नसतो!

आठवड्यांतून तीन रात्री, असें तीन महिने चाललें, तर त्यास जुनाट निद्रानाश म्हणतात. शेजाऱ्याच्या डबींतली झोंपेची गोळी घेणें हा त्यावर उपाय नव्हे. श्वासरोध असल्यास कांहीं गोळ्या घातकही ठरतात. डोळे जड झाल्यावांचून अंथरुणावर जाऊं नये, व उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. डॉक्टरांकडे जातांना दोन आठवड्यांचें टिपण न्यावें: केव्हां निजलें, केव्हां जाग आली, चहा किती वाजतां घेतला, कोणतें औषध चालू आहे.