पंचेचाळिशीनंतरचा घाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानासाठी माझ्यासारख्या, कचेरीत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास पाचारण करून मंडळाने एक प्रकारचे धाडसच केले आहे. विषयाची निवड माझ्यावर सोपविण्यात आली, तेव्हा मी ‘फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातील सायकलप्रवास’ असा विषय कळविला. कार्यवाह क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या मनात आलेला प्रश्न आपल्याही मनात आला असेल : पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने परमुलखात जाऊन सायकलवर घाट चढण्याचे प्रयोजन काय? आजचे व्याख्यान म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर समजावे.

फ्रान्स आणि सायकल हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे ‘टूर द फ्रान्स’ ही १९०३ साली सुरू झालेली विख्यात शर्यत उभी राहते. परंतु त्याच देशात सायकलची आणखी एक परंपरा आहे. ती शर्यतीहूनही जुनी असून तिच्यात पहिला क्रमांक कोणाचाच नसतो. स्वतःच्या गतीने डोंगर चढावा, माथ्यावर थांबून मुलूख न्याहाळावा आणि पलीकडे उतरावे, एवढाच तिचा आचारधर्म. या परंपरेचे आद्यपीठ म्हणजे मध्य फ्रान्सच्या पूर्व कडेवरील सेंत-एत्येन हे शहर. कोळशाच्या खाणी, रेशमी फिती आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने यांसाठी एकेकाळी प्रसिद्ध असलेल्या या गावात पुढे सायकलींचा उद्योग भरभराटीस आला.

याच गावी पॉल द व्हिव्ही नावाचा एक रेशीमव्यापारी राहत असे. त्याचा जन्म १८५३ चा. सायकलीच्या नादाने त्याने व्यापार सोडला, सायकलींचे दुकान घातले आणि १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक सुरू केले. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिही आणि त्याच नावाने तो आजही ओळखला जातो. आपणांपैकी अनेकांना ऐकून समाधान वाटेल की, शेकडो किलोमीटर सायकल मारणारा हा गृहस्थ शाकाहारी होता. खाणे, पिणे आणि विश्रांती यांसाठी शरीराच्या तक्रारीची वाट पाहू नये आणि केवळ मिरवण्यासाठी जोर करू नये, असा त्याच्या प्रवासनियमांचा मथितार्थ सांगता येईल.

वेलोसिओचा खरा आग्रह होता तो गिअरचा. त्या काळच्या सायकलीला एकच गती असे. सपाटीवर ती सोयीची, पण चढावर छाती फोडणारी. त्यामागील गणित अगदी साधे आहे. स्वार आणि सायकल यांचे मिळून वजन नव्वद किलो धरले, तर शंभर मीटर जाताना पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर जणू साडेचार किलोंचे ओझे सतत वर खेचावे लागते. आजच्या सायकलीच्या मोठ्या गिअरमध्ये पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते, तर सर्वांत लहान गिअरमध्ये सुमारे दोन मीटर. माथ्यापर्यंतचे एकूण श्रम तेवढेच राहतात; मात्र पायावर एका वेळी पडणारा भार एकतृतीयांश होतो. लहान गिअर डोंगर सपाट करीत नाही, तो डोंगराचे लहान लहान हप्ते पाडून देतो.

एवढी उघड गोष्ट मान्य व्हावयास वेळ का लागावा? आडवा आला तो अभिमान. ‘टूर द फ्रान्स’चा प्रवर्तक आंरी देग्रांज याने १९०२ मध्ये अशा अर्थाचे मत मांडले की, गिअर बदलण्याची युक्ती पंचेचाळिशी ओलांडलेल्या लोकांना ठीक, खऱ्या मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला त्याच्या शर्यतीत मोकळीक मिळाली ती थेट १९३७ साली. वेलोसिओ १९३० मध्येच ट्रामच्या अपघातात निवर्तला होता.

आता मूळ वाटेकडे वळू. मी गेलो तो मार्ग एकूण सुमारे दीडशे किलोमीटरांचा आहे. सराईत सायकलस्वार तो दोन दिवसांत आटोपील. मी चार दिवस घेतले. सेंत-एत्येनहून दक्षिणेस निघाले की शहर संपता संपताच चढण लागते. प्लांफ्वा हे गाव मागे टाकून फरच्या गर्द अरण्यातून रस्ता ‘कोल द ला रेपुब्लिक’ या ११६१ मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचतो. हाच वेलोसिओचा नित्याचा घाट. त्याच्या सन्मानार्थ १९२२ पासून येथे सायकलस्वारांचा मेळावा भरत आला आहे आणि माथ्यावर त्याचे स्मारक आहे. दैवाची गंमत अशी की, १९०३ मधील पहिल्या ‘टूर द फ्रान्स’चे स्पर्धक हाच घाट एकाच गिअरवर चढून गेले.

आणि याच घाटात, सभ्य स्त्रीपुरुषहो, माझी फजिती झाली. भाड्याने घेतलेल्या सायकलीला पुढे दोन दातेरी चक्रे होती, एक मोठे आणि एक लहान. गणित मला ठाऊक होते. देग्रांजच्या हिशेबाने मी सवलतीला पात्रही होतो, कारण पंचेचाळिशी ओलांडून मला बरीच वर्षे झाली आहेत. तरीही पहिल्याच चढणीला लहान चक्रावर यावयाचे म्हणजे हार पत्करणे, असे मनाने घेतले. कोणी पाहत नव्हते. मीच मला पाहत होतो. पुढल्या चढावर गुडघ्यांनी असहकार पुकारला, श्वास कोंडला आणि मी खाली उतरून सायकल ढकलू लागलो. एवढ्यात सत्तरीच्या घरातील एक बाई मागून आल्या. त्यांच्या सायकलीला वेग असा नव्हताच, पण त्यांचे पाय मात्र चातीसारखे फिरत होते. जाता जाता त्यांनी माझ्या पुढच्या लहान चक्राकडे बोट दाखविले, हसून मान हलविली आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या. भाषेची गरजच पडली नाही. मी सायकलीवर बसलो, साखळी लहान चक्रावर घेतली आणि माथा गाठला. त्या बाई तेथे नव्हत्या. त्या केव्हाच पलीकडे उतरून गेल्या होत्या.

ही खिंड म्हणजे एक जलविभाजक आहे. अलीकडचे पाणी ल्वार नदीवाटे अटलांटिक महासागरास मिळते, तर पलीकडचे ऱ्होनवाटे भूमध्य समुद्रास. उताराने बूर-आर्जांतालवरून आपण आनोने या गावी येतो. माँगोल्फिए बंधूंनी ४ जून १७८३ रोजी आपल्या उष्ण हवेच्या फुग्याचे पहिले जाहीर उड्डाण केले ते येथेच. तेथून हजार मीटरांहून उंचावर असलेले लालुवेस्क हे तीर्थक्षेत्र लागते आणि त्यापुढे लामास्त्रपर्यंत लांबलचक उतार.

लामास्त्रपासून ‘डोल्चे व्हिया’ या मार्गाचा एक फाटा लागतो. हा मार्ग म्हणजे एका बंद पडलेल्या मीटरगेज रेल्वेची वाट. डोंगरातील ही आगगाडी १९६८ साली थांबली. पुढे तिच्या मार्गावर सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी सुमारे नव्वद किलोमीटरांचा रस्ता करण्यात आला. रेल्वेला तीव्र चढ मानवत नाही, म्हणून हा मार्ग डोंगरांना वळसे घालीत, बोगद्यांतून आणि पुलांवरून हळूहळू चढत जातो. इंजिनासाठी आखलेली ती चढण आज लहान मुले आणि वृद्ध यांच्या उपयोगी पडत आहे.

ल शेलारपासून अखेरची मोठी चढण आहे, जवळजवळ हजार मीटरांची. ती चढून गेल्यावर उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या पठारावर ‘जेर्बिए द जाँ’ हा १५५१ मीटर उंचीचा ज्वालामुखीजन्य सुळका दिसतो. त्याच्या पायथ्याशी ल्वारचा उगम. भूमध्य समुद्र येथून दीडशे किलोमीटरांच्या आसपास असताना ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून हजाराहून अधिक किलोमीटर वाहते. पश्चिम सागर इतका जवळ असून पूर्वेची वाट धरणारी आपली गोदावरी कोणा मराठी माणसाला तेथे आठवणार नाही? उगमाच्या मानाबद्दलही तेथे एकमत नाही. जवळजवळच्या निरनिराळ्या झऱ्यांवर खरा उगम, भौगोलिक उगम अशा पाट्या झळकत असतात!

या वाटांविषयी एक गोष्ट सरकारी नोकर या नात्याने नमूद केलीच पाहिजे. त्या देशात जिल्हावजा प्रांतांच्या देखरेखीखाली पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटरांचे रस्ते आहेत. त्यांवरील दगडांचे माथे पिवळे रंगविलेले असतात. मिशेलिनच्या नकाशांवर चढाची तीव्रता बाणांच्या टोकांनी दर्शविलेली असते : पाच टक्क्यांपासून एक टोक, नऊपासून दोन, तेरावर तीन. वस्तीबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडावे, असा कायदा आहे. सावकाश जाणाऱ्यालाही रस्त्यावर हक्क आहे, ही भावना दगडांत, नकाशांत आणि कायद्यात अशी मुरलेली दिसते.

मी परत आलो आणि काही दिवसांनी याच सभागृहात बालमेळाव्यास बसलो होतो. एक मुलगा व्यासपीठावर मराठीतून बोलू लागला. लिंगाची चूक झाली, एक क्रियापद सापडेना; मागल्या रांगेतून हसू आले. हसणाऱ्यांत मीही होतो. मुलाने उरलेले भाषण हिंदीत पूर्ण केले. त्या क्षणी मला तो घाट आठवला आणि शरम वाटली. तो मुलगा लहान गिअरवर चढत होता. आपण हसलो आणि त्याला खाली उतरविले.

मातृभूमीपासून दूर वाढणाऱ्या मुलांना मराठीचा चढ आपल्याहून अधिक तीव्र आहे, हे आपण विसरतो. आपण सपाटीवर शिकलो; घरी, दारी, शाळेत तीच भाषा होती. त्यांनी तोडक्या वाक्यांनी, थांबत थांबत चढावे. त्यात कमीपणा नाही. घाटातील त्या बाईंनी मला सायकल चालविण्याबद्दल उपदेश केला नाही, की माझी कीवही केली नाही. लहान चक्र दाखविले आणि त्या पुढे गेल्या. वडीलधाऱ्यांनी याहून अधिक काही करावयाचे नसते.

पुढल्या मेळाव्यात तो मुलगा पुन्हा उभा राहावा, अशी माझी इच्छा आहे. त्या वेळी मी पहिल्या रांगेत बसेन आणि त्याला शब्द सापडेपर्यंत थांबेन.