रजईची राखण

कार्तिक सरून मार्गशीर्षाची पहाट अंगाला झोंबू लागली, की घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. गेल्या फाल्गुनात घडी करून ठेवलेल्या रजया बाहेर निघतात, आणि त्यांबरोबर एक कुबट वासही निघतो. मग कोणी म्हणते, यंदा नवी घ्यावी. कोणी म्हणते, धुऊन टाकली की झाले. हे दोन्ही निर्णय बहुधा घाईचे असतात. नवी रजई घेताना आपण तिचे रंग पाहतो, आणि जुनी धुताना ती कायमची बिघडवतो. म्हणून आज रजईविषयी थोडे बोलावे, असे मनात आहे. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, जबलपूर अशा थंडीच्या मुलखात संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांना हा विषय जिव्हाळ्याचा वाटेल. मुंबई-कोकणातल्या श्रोत्यांना थंडीचे भय कमी, पण तिथल्या दमट हवेत रजई टिकवणे अधिक अवघड. तेव्हा त्यांनाही तो परका नाही.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रजई ऊब देत नाही. ऊब देते ते आपले शरीर. रजई ती फक्त अडवून धरते. अडवते तरी कशाने? कापसाने म्हणावे, तर तोच कापूस दाबून त्याची घट्ट वळकटी केली, की थंडी वाजू लागते. खरे काम करते ती कापसाच्या तंतूंमध्ये कोंडलेली स्थिर हवा. स्थिर हवा उष्णतेची मोठी दुर्वाहक आहे. कापसाचा तंतू सुकताना चपटा होऊन पीळ खातो. त्या पिळांमुळे तंतू एकमेकांना अडकून राहतात आणि त्यांच्या जाळ्यात हवेची असंख्य घरटी तयार होतात. रजई विकत घेणे म्हणजे शेर-दोन शेर हवा विकत घेणे होय, असे मी म्हणालो तर थट्टा वाटेल. परंतु रजईची निवड, स्वच्छता आणि जपणूक ही तिन्ही या एका गोष्टीवरून ठरतात.

'भारी रजई म्हणजे उबदार रजई' हा समज यामुळेच खरा नाही. जयपूरच्या रजईचा लौकिक आहे तो तिच्या हलकेपणाबद्दल. तिथले कारागीर थोडाच कापूस घेतात, पण तो पुनःपुन्हा पिंजून त्यातील कचरा काढून टाकतात आणि त्याचा पातळ, एकसारखा थर दोन तलम कापडांमध्ये बसवतात. सांगानेर आणि बगरू येथील ठशांची छपाई आपल्या डोळ्यांत भरते. कौशल्य मात्र आत, न दिसणाऱ्या थरात असते. जड रजईखाली निजलेल्या म्हाताऱ्या माणसाला कूस बदलताना जे श्रम पडतात, ते तरुण माणसाच्या लक्षात येत नाहीत. ज्यांना दमा आहे, ज्यांची हाडे दुखतात, त्यांच्यासाठी एका जड रजईपेक्षा दोन हलक्या बऱ्या; दोहोंच्या मध्ये हवेचा आणखी एक थर आयताच मिळतो.

आता आतला भरणा. आपल्याकडील जुना देशी कापूस आखूड आणि जाडसर तंतूचा. सूत कातणाऱ्याने त्याला नावे ठेवली, तरी रजई भरणाऱ्याला तो प्रिय. कारण जाड तंतू दाबला तरी पुन्हा उसळी घेतो. लांब, तलम तंतू लवकर बसून जातो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढे आपल्या शेतांतून बहुतेक तोच दिसू लागला. देशी वाण मागे पडले. तरीही जाणता पिंजारी देशी रुई कुठून मिळवावी हे जाणतो, आणि त्याला विचारण्यात कमीपणा नाही.

बाजारात मात्र 'शुद्ध कापूस' या नावाखाली पुष्कळ काही खपते. जुन्या चिंध्या यंत्रात फाडून केलेला करडा भुसा, गिरण्यांच्या जमिनीवरून झाडलेला कचरा, आणि कापसात बेमालूम मिसळलेले पॉलिस्टर. रजईची शिवण बोटभर उसवून दाखव, असे दुकानदाराला निःसंकोच सांगावे. आतला चिमूटभर भरणा काढून, मोकळ्या जागी, चिमट्यात धरून जाळून पाहावा. कापूस कागदासारखा जळतो, त्याला कागदाचाच वास येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि त्याचा कठीण मणी बनतो. जो दुकानदार शिवण उसवू देत नाही, त्याच्या दुकानातून बाहेर पडावे. माझे मत विचाराल तर एवढी परीक्षा पुरे.

पॉलिस्टर वाईट असे मी म्हणत नाही. ते हलके असते, घरी धुता येते, लवकर वाळते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते सोयीचे आहे. पण एक भेद ध्यानी घ्यावा. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम बाष्प शोषून धरतो, लोकर त्याच्या जवळजवळ दुप्पट. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमदेखील नाही. झोपेत आपल्या त्वचेतून नकळत वाफ बाहेर पडत असते. कापूस ती पितो. पॉलिस्टरखाली ती अंगावरच राहते, आणि पहाटे चिकचिक वाटून माणूस पांघरूण लाथाडतो. पाश्चात्त्य देशांत बदकाच्या आणि हंसाच्या मऊ पिसांची पांघरुणे वापरतात. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने अशाच पिसांचा, विमानफुग्याच्या कापडाचा कोट शिवून घेतला होता. आधी त्याची चेष्टा झाली, पुढे गिर्यारोहकांत तोच प्रघात पडला. पिसे उत्तम खरी, पण भिजली की त्यांचा लगदा होतो, आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्याशी त्यांचे फारसे पटत नाही.

शिवण पाहताना दोन गोष्टी पाहाव्या. टाके फार लांब अंतरावर असतील तर कापूस सरकत सरकत पायथ्याशी गोळा होतो आणि छातीवर नुसते कापड उरते. टाके फार जवळ आणि आवळून घातलेले असतील तर प्रत्येक टाक्यापाशी हवा चेपली जाऊन तेवढ्या रेघेतून थंडी आत शिरते. रजई उजेडासमोर धरली की दोन्ही दोष दिसतात. वरचे कापड दाट विणीचे सुती असावे. मखमल शोभिवंत खरी, पण ती धूळ धरते. साटीन रात्रभर घसरत राहते. रुंदीत कंजुषी करू नये. माणूस उताणा निजल्यावर दोन्ही बाजूंना हातभर रजई लोंबली पाहिजे.

आपल्या गोधडीचे शास्त्र निराळे. तिच्यात सुटा कापूस नसतो. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले असतात, आणि ऊब राहते ती थरांच्या मधल्या हवेत. म्हणून गोधडी नदीवर नेऊन आपटून धुता येते, रजई येत नाही. चिंध्यांच्या या वस्त्राला आपल्याकडे मानही मोठा. गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांवरून. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागातील सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात. त्या कडेपासून आरंभ करून आत आत मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाची 'फुले' बसवतात. भडोचची सुजनी तर शिवतच नाहीत. मागावरच दुहेरी कापडाचे चौकोनी कप्पे विणत जायचे आणि विणता विणता त्यांत कापूस भरायचा. एका गरजेने माणसाला किती वाटा सुचतात, ते पाहण्यासारखे आहे.

आता स्वच्छतेकडे वळू. कापसाची रजई सबंध भिजवू नये. ओला कापूस बसतो, त्याच्या गाठी होतात, आणि वरून कोरडी वाटणारी रजई आत दोन-दोन दिवस ओली राहून बुरशी धरते. आजकाल यंत्रात घालून ती फिरवण्याचा मोह होतो. बाहेर येते ती ढेकळांनी भरलेली पिशवी. रजईला खोळ घालावी आणि खोळ धुवावी, हा सरळ मार्ग. खोळीच्या आत चारी कोपऱ्यांना नाड्या शिवून रजईच्या कोपऱ्यांना बांधल्या, तर ती आत गोळा होत नाही. दर आठवड्याला, फार तर पंधरवड्याला, खोळ गरम पाण्यात धुवावी. चहा सांडला किंवा मुलाने रजई ओली केली, तर तेवढ्या जागेची शिवण उसवावी, ओला कापूस काढून उन्हात वाळवावा, कापड धुवावे, आणि सुकल्यावर कापूस हाताने विंचरून परत भरावा. अर्ध्या तासाचे काम आहे. टाळले तर तेवढी जागा कायमची कुजते.

या स्वच्छतेचा संबंध केवळ नीटनेटकेपणाशी नाही. १९६४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की घरातील धुळीने ज्यांना दमा उसळतो, त्यांचा खरा शत्रू धुळीत राहणारा, कोळ्यांच्या वर्गातला एक सूक्ष्म जीव आहे. जेमतेम पाव मिलिमीटरचा हा जीव आपल्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतो. तो चावत नाही. त्याची विष्ठा श्वासात जाते आणि ती बाधते. त्याला दमट हवा लागते, कोरड्या हवेत तो तग धरत नाही. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात खोळ धुतली, की तो मरतो. रजई उन्हात घालण्याची आपल्या घरातील चाल किती शहाणपणाची होती, ते यावरून कळेल. ऊन द्यावे ते मात्र दुपारचे. सकाळी दव असते, आणि कलत्या उन्हात कापूस पुन्हा ओल ओढू लागतो. म्हणून चारच्या आत रजई घरात यावी. एकदा उलटावी, तळहाताने हलके थापटावी. काठीने बडवल्यास तंतू तुटतात, आणि ज्याला दमा आहे त्याने तर हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

दोन-तीन हिवाळ्यांनंतर उन्हानेही कापूस फुगेनासा होतो. मग पिंजारी हवा. एके काळी थंडीच्या तोंडाशी खांद्यावर पिंजण घेतलेला पिंजारी गल्लीतून जाई आणि त्याच्या तातीचा घुमणारा नाद लांबून ऐकू येई. लाकडी दांडा, त्यावर ताणलेली तात, आणि तिच्यावर मारायचा लाकडी मुठा. तात कापसाला फाडत नाही. ती थरथरते, आणि त्या थरथरीने तंतू एकमेकांपासून सुटून उडतात, कचरा खाली पडतो. आता बहुतेक ठिकाणी दातेरी रुळांचे यंत्र आले आहे. ते झपाट्याने काम करते, पण जुन्या, थकलेल्या तंतूला त्याचे दाते सोसत नाहीत. हाताने पिंजणारा कारागीर अजून तुमच्या गावात असेल, तर त्याला दोन पैसे अधिक देऊन त्याच्याकडेच जावे. त्याच्या नाकातोंडात वर्षानुवर्षे जाणारी कापसाची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते; मोकळ्या अंगणात त्याला जागा द्यावी, तोंडाला बांधायला स्वच्छ फडके द्यावे. पिंजताना थोडा कापूस वाया जातोच. तेवढा नवा मिसळावा.

आणि उन्हाळा-पावसाळ्यात रजई ठेवायची कशी? प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. आत राहिलेली ओल कोंडून बुरशीला तीच पिशवी माहेर होते. धुतलेल्या जुन्या सुती चादरीत बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावी. लाकडी फडताळात उंदीर शिरतात आणि घरटे करायला त्यांना कापसासारखे दुसरे काही आवडत नाही. वर गाद्यांचा ढीग रचू नये, हवा चेपते. श्रावणात उघडीप मिळाली की एक दिवस ऊन दाखवावे. लोकर आणि पिसे खाणारी पतंगाची अळी कापसाला सहसा हात लावत नाही. कापडाला लागते ती कसर. तिला खळ आणि मळ प्रिय. तेव्हा खळ न घातलेली, धुतलेली खोळ हाच पहिला उपाय, आणि त्यावर चांगला वाळवलेला कडुनिंबाचा पाला.

डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र सावध केल्यावाचून राहवत नाही. या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलेल्या तान्ह्या मुलांचे रक्त बिघडून त्यांना तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकाला परिचित आहेत. काही माणसांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, रक्तात जन्मतःच जी-६-पीडी नावाचे द्रव्य कमी असते. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात. हा दोष आपल्या देशातही आढळतो आणि बाळ पाहून तो ओळखता येत नाही. घरात तान्हे मूल असेल, तर त्याच्या अंथरुणा-पांघरुणाजवळ ही गोळी येऊ देऊ नये. आणखी एक. वर्षाच्या आतील मुलाला मोकळी रजई पांघरू नये, असे बालरोगतज्ज्ञ निक्षून सांगतात. ती तोंडावर आली तर ते बाजूला सारू शकत नाही. त्याला अंगभर उबदार कपडे घालावेत, आणि रजई मोठ्यांनी घ्यावी.

शेवटी राहिला तो पुष्कळदा पिंजून पुन्हा न फुगणारा कापूस. तो नव्या रजईत मिसळण्याचा मोह धरू नये. त्याने चांगला कापूसही बसतो. लोड-तक्क्यांना तो उत्तम, कारण तिथे उसळी नको, घट्टपणाच हवा. आणि वरची छींट विरली असेल, तर तिचा धडका भाग गोधडीच्या थरात जातो.