हे ध्येय नक्की कुणाचं?



आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटलं की नीट-जेईईचे क्लास डोळ्यांसमोर येतात. फी भरायची, सरांनी सांगायचं, आपण लिहून घ्यायचं. मी आज ज्या कोचिंगबद्दल बोलणार आहे, ते याच्या उलट आहे. त्यात सांगायचं आपण असतं, समोरच्यानं फक्त विचारायचं असतं.

या विचाराचं एक मूळ टेनिसच्या मैदानात आहे. टिमथी गॉलवे हे अमेरिकेतले टेनिसचे प्रशिक्षक. १९७४ मध्ये त्यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक आलं. सूचनांचा जितका मारा करावा तितका खेळाडू बिथरतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून ‘चेंडूकडे बघ’ असं ओरडण्याऐवजी ते खेळाडूलाच बोलायला लावत. चेंडू जमिनीवर आपटला की ‘टप्पा’ म्हणायचं, रॅकेटला लागला की ‘फटका’. लक्ष आपोआप चेंडूवर जाई आणि डोक्यातली कटकट थांबे.

ब्रिटिश मोटार-शर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी हा विचार पुढे कंपन्यांमध्ये नेला. १९९२ च्या त्यांच्या पुस्तकामुळे चार पायऱ्या प्रसिद्ध झाल्या. मला काय हवंय? आज परिस्थिती काय आहे? मार्ग कोणकोणते आहेत? आणि त्यातलं मी काय, केव्हा करणार?

मित्रमैत्रिणींनो, यातली पहिली पायरीच सर्वांत निसरडी आहे. कारण ‘तुला काय हवंय’ याचं उत्तर आपल्याला तोंडपाठ असतं. ते बहुतेक वेळा घरानं, शेजाऱ्यांनी किंवा दुबईहून आलेल्या मामूंनी पाठ करून घेतलेलं असतं.

आम्हा इंजिनिअरांना ‘का’ विचारायची सवय असते. टोयोटा कंपनीचे ताइची ओनो यांचं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मशीन बंद पडलं. का? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण पोचलं नाही. असं पाच वेळा विचारत गेलं की कळतं, पंपाला गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत गेला होता. सर्व्हर बंद पडला की आम्हीही हेच करतो. पण माणसाला लागोपाठ पाच वेळा ‘का’ विचारलं, तर तो स्वतःचा बचाव करू लागतो. आपल्या घरांत तर ‘का’ हा शब्द बहुधा रागावतानाच ऐकू येतो! म्हणून व्हिटमोर ‘काय, केव्हा, किती’ असे प्रश्न विचारायला सांगतात.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी सुट्टीच्या दिवशी शिकवतो. तिथली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी मला म्हणाली, “भाई, मला यूपीएससी करायचीय.” तिच्या परवानगीनं हे सांगतोय.

मी विचारलं, “गेल्या महिन्यात त्यासाठी काय काय केलंस?”

“पुस्तकं आणली.”

“किती वाचलीस?”

ती गप्प.

“मग महिनाभर वेळ कशात गेला?”

आता ती भरभरून बोलू लागली. मोहल्ल्यातल्या बायकांचे रेशन कार्डाचे, बँकेचे, शिष्यवृत्तीचे अर्ज तिनं भरून दिले होते. एका खालाची पेन्शन अडली होती, त्यासाठी तहसील कार्यालयात तीन खेपा घातल्या होत्या.

मी शेवटचं विचारलं, “उद्या यूपीएससीची परीक्षाच बंद झाली, तर तुझं काय जाईल?”

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “घरी लग्नाचा विषय निघाला की यूपीएससीचं नाव घेते. दोन वर्षं तरी मिळतात.”

म्हणजे तिची ध्येयं दोन होती. लग्नाआधी वेळ हवा, हे एक. लोकांची अडलेली कामं मार्गी लावायची, हे दुसरं. परीक्षा ही दोन्हींवर पांघरलेली चादर होती. मी सल्ला दिला नाही. पर्यायांची यादी तिनंच केली, त्यात पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी होता. अब्बांशीही तीच बोलली. अब्बा अजून ‘बघू’ म्हणतात. पण आता बापलेकीचं बोलणं तिला खरोखर हव्या असलेल्या गोष्टीवर चालू आहे.

केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ध्येयामागच्या कारणांचे चार प्रकार मांडले. कुणी सांगितलं म्हणून, नाही केलं तर अपराधी वाटेल म्हणून, मला ते मोलाचं वाटतं म्हणून, आणि त्यात आनंद मिळतो म्हणून. शेवटच्या दोन कारणांवर उभ्या असलेल्या ध्येयासाठी माणूस टिकून मेहनत करतो, असं त्यांना आढळलं.

याचा अर्थ घरच्यांची इच्छा झुगारायची असा नाही. अब्बांचं कर्ज फेडायचं, बहिणीला शिकवायचं, ही कमी प्रतीची ध्येयं नव्हेत. विचार करून ‘हे मलाही मोलाचं वाटतं’ असं म्हणता आलं, की ती तुमचीच झाली.

आणि एक सावधगिरी. ‘सगळं तुमच्या मनातच आहे’ असं सांगणाऱ्या कोचपासून दूर राहा. आडनाव ऐकून कुणी भाड्यानं घर नाकारलं, तर तो दोष तुमच्या मनाचा नाही. त्यासाठी आत डोकावून भागत नाही, एकत्र येऊन हक्क मागावा लागतो. तसंच झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कोचकडे नको, डॉक्टरांकडे जा.

बाकी कामासाठी महागड्या कोचची गरज नाही. एक विश्वासू मित्र किंवा मैत्रीण, अर्धा तास आणि एक वही पुरे. अट एकच, विचारणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही. शेवटी पंधरा दिवसांत करता येईल असं एक छोटं काम लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा बसा. ते काम झालं नसेल तर स्वतःला बोल लावू नका. त्याऐवजी काय केलं, ते बघा. खुणा तिथंच सापडतात.

माझं बोलणं संपलं. आता शेजारी बसलेल्या व्यक्तीकडे वळा. दहा मिनिटं एकानं विचारायचं, दुसऱ्यानं बोलायचं. पहिला प्रश्न मी देतो: गेल्या महिन्यात कुणीही न सांगता तू काय केलंस?