गव्हाणीत किड्याची पेंड?

रेशमाचा धागा काढायला कोष गरम पाण्यात सोडतात. धागा निघतो, आतला मेलेला किडा उरतो. वाळवलेल्या या प्यूपामध्ये निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात आणि तेलही भरपूर. कर्नाटकातल्या रामनगरचा कोषबाजार असो की जालन्याचा, तिथल्या कोषांपासून रेशमाबरोबर गुरांच्या खुराकाचा हा कच्चा मालही तयार होतो.

दुसरा उमेदवार म्हणजे ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या काळ्या माशीची अळी. ती भाजीपाल्याच्या कचऱ्यावर झपाट्याने वाढते. वाळवली की गोणीवर ‘प्रथिने ४० टक्के’ असे सहज छापता येते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात निकृष्ट गवतावरच्या गोऱ्ह्यांना हा खुराक दिला, तेव्हा त्यांचे चारा खाणे वाढले. दुभत्या गाईंवरचे प्रयोग मात्र अजून थोडेच आहेत.

गोणीवरच्या आकड्यात एक मेख आहे. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते, त्याला ६.२५ ने गुणते आणि उत्तराला प्रथिन म्हणते. किड्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. म्हणून अळीसाठी ४.७६ हा गुणक धरावा, असे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुचवले. तसे केले तर ४० चे जेमतेम ३० उरतात! पेंड विकत घेणाऱ्याने हा हिशेब आधी मागावा.

मग गाईच्या कोटीपोटाचा, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्याचा प्रश्न. चारा पचवतात ते तिथले सूक्ष्मजीव. एकूण आहारात फॅट सहा-सात टक्क्यांच्या वर गेले की त्यांचे काम मंदावते. त्यामुळे अख्ख्या अळीपेक्षा तेल काढलेली भुकटी बरी.

युरोपने कीटकांचे प्रथिन २०१७ मध्ये माशांना आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांना खुले केले. गाईला नाही, आणि त्यामागे जुना धसका आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला. मांस-हाडांचा चुरा खाऊ घातल्याने तो पसरला आणि पावणेदोन लाखांवर गुरे बाधित झाली. त्यात अळीचा दोष नव्हता, पण त्यानंतरच्या बंदीत रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी प्राणिज प्रथिनांचे दार जवळपास बंद झाले.

भारतातही दुभत्या जनावरांना मांस, हाडे, रक्त यांची भुकटी घालायला मनाई आहे. शिवाय इथे दूध उपवासाला चालते, अभिषेकाला लागते. किड्याची पेंड खाल्लेल्या गाईचे दूध घरात चालेल का, हे दूध संघांनी पहिली गोणी उतरवण्याआधीच गिऱ्हाइकांना उघडपणे विचारायला हवे. तोवर अळी कोंबड्यांना आणि माशांना जाऊ द्यावी. त्यांच्या खाद्यातली जेवढी सोयापेंड वाचेल, तेवढी गाईसाठी मोकळी होईल.