पहिले प्रमाणपत्र मिळाले, पुढचे कोणते?

(डोळखांब परिसरातील एमएस-सीआयटी उत्तीर्ण विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

विद्यार्थी मित्रांनो, आणि शेतीची कामे बाजूला ठेवून येथे आलेल्या माता-पित्यांनो,

आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. शहरातल्या मुलाला संगणकाचा वर्ग चार पावलांवर सापडतो. आजोबा डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलामुलींपैकी अनेकांना त्यासाठी एसटीची वाट पाहावी लागते आणि पावसाळ्यात वीज गेली की सराव बुडतो. अशा परिस्थितीत मिळवलेल्या यशाचे मोल गुणपत्रिकेवरील आकड्यांपेक्षा निश्चितच अधिक आहे.

परंतु अभिनंदनाच्या हारात फार काळ अडकून राहणे परवडणारे नाही. राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि विवेक सावंत यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचवला. महाराष्ट्रातील सामान्य माणसाला संगणक-साक्षर करणे, हा त्याचा हेतू होता. साक्षरता ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती म्हणजे व्यवसाय नव्हे. बाराखडी आली म्हणून कोणी वकील होत नाही.

हे तुम्हाला मी वेगळे समजावायला नको. आपल्याकडे राब भाजून भाताचे रोप तयार करतात. रोप कितीही तरारले तरी ते राबातच राहिले तर पीक हाती लागत नाही. ते वेळेवर उपटून खाचरात लावावे लागते. एमएस-सीआयटी हे तुमचे रोप आहे. ते कोणत्या खाचरात लावायचे, हा आजचा प्रश्न आहे. तो महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या निवडीत घरचा पैसा तर जातोच, पण एकोणीस-वीस वर्षांच्या वयातले एक उमेदीचे वर्षही जाते. पैसा पुन्हा मिळवता येतो, वर्ष मिळवता येत नाही.

शहापूरला किंवा कल्याणला उतरलात की डिप्लोमा, ॲडव्हान्स डिप्लोमा, मास्टर डिप्लोमा अशा पाट्या दिसतील. नाव जितके लांब तितके शुल्क मोठे. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : परीक्षा कोण घेते? जो शिकवतो तोच प्रश्न काढतो, तोच तपासतो आणि तोच प्रमाणपत्र देतो, तेथे पहिलवान आणि पंच एकच झाले. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम महामंडळाचा असला तरी प्रमाणपत्रावर मोहोर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची असते. तिची पत यातून आली.

दुसरा प्रश्न : हे प्रमाणपत्र मागतो कोण? वर्गचालकाला विचारू नका. तुम्हाला जी नोकरी हवी तिच्या दहा जाहिराती जमवा आणि त्यांत काय मागितले आहे ते वहीत उतरवा. दहापैकी सात ठिकाणी जे मागितले असेल, ते शिकण्यासारखे. एकाही ठिकाणी नसेल, तर पाटी कितीही झगमगो, पुढे चला.

तिसरा प्रश्न : ते किती काळ टिकते? एकेकाळी मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई या प्रमाणपत्राचा केवढा दबदबा होता! ३१ जानेवारी २०२१ रोजी कंपनीने ते बंद केले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि व्हॅटच्या काळात टॅली शिकलेल्यांना करांचा भाग नव्याने गिरवावा लागला. या क्षेत्रात एकदाच शिकून आयुष्यभर निश्चिंत राहता येत नाही.

आता वाटा पाहू. ज्यांना शासकीय कार्यालयात जायचे आहे, त्यांच्यासाठी पुढची पायरी बहुधा आणखी एक संगणक-साक्षरतेची परीक्षा नाही. केंद्र शासनाच्या ‘नायलिट’ या संस्थेचा सीसीसी हा ऐंशी तासांचा अभ्यासक्रम उत्तम आहे. पण जाहिरातीत एमएस-सीआयटी किंवा सीसीसी यांपैकी एक चालत असेल, तर दोन्ही करणे म्हणजे एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या खिशात बाळगणे. त्याऐवजी संगणक टंकलेखन करा. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीचा ४० शब्द, ही परिचित अट आहे. बोटांना वळण लागायला महिने लागतात. जाहिरात आल्यावर शिकू म्हणणाऱ्याची गाडी आसनगाव स्थानकावरून निघून गेलेली असते.

वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी टॅली आणि स्प्रेडशीट यांची जोडी पक्की करावी. भिवंडी-पडघा पट्ट्यात गोदामे उभी राहिली आहेत, मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. मालाची आवक-जावक, साठा, बिले यांचा हिशेब चोख ठेवणारा माणूस तेथे लागतोच. घरापासून जवळ मिळणाऱ्या कामाला कमी लेखू नका.

ज्यांना यंत्र उघडून पाहण्याची आवड आहे, त्यांनी दुरुस्ती आणि नेटवर्ककडे वळावे. कॉम्पटिया या अमेरिकन संस्थेच्या ए-प्लस प्रमाणपत्रासाठी दोन स्वतंत्र परीक्षा द्याव्या लागतात. पहिलीचा भर यंत्रसामग्री आणि नेटवर्कवर असतो, तर दुसरीचा कार्यप्रणाली, सुरक्षा आणि बिघाड शोधण्यावर. प्रत्येकीला नव्वद मिनिटे मिळतात आणि प्रश्न नव्वदपर्यंत असतात. त्यापुढे सिस्को कंपनीची सीसीएनए. तिचे शुल्क ३०० अमेरिकन डॉलर आहे, कर वेगळा! ही दोन्ही प्रमाणपत्रे तीन वर्षांनी नूतनीकरण मागतात. म्हणून माझा आग्रह असा की, शिक्षण आधी घ्या, परीक्षेचे पैसे शेवटी भरा. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीतून ‘पॅकेट ट्रेसर’ हे सरावाचे साधन विनामूल्य मिळते. त्यावर घरबसल्या नेटवर्क उभारा, मोडा, पुन्हा उभारा. सरावाच्या चाचण्यांत सातत्याने चांगले गुण पडू लागले की मगच शुल्क भरा. एखाद्या मोठ्या कार्यालयात मदतनीस म्हणून नोकरी लागली, तर कधी कधी कंपनीच परीक्षेचा खर्च उचलते; तीही शक्यता ध्यानात असू द्या.

आणि ज्यांना प्रोग्रॅम लिहावेसे वाटतात, त्यांच्यासाठी नायलिटची ‘ओ’ लेव्हल आहे. तिच्या अभ्यासक्रमात संकेतस्थळाची रचना आणि पायथॉन भाषा आहे. बारावी झालेल्याला स्वतः अभ्यास करूनही ती देता येते. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमाची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. पैसे लागतात ते परीक्षेचे.

उत्तीर्ण होण्याविषयी दोन शब्द. प्रश्नांची तयार उत्तरे विकणारे लोक भेटतील. ती घोकून मिळालेला कागद मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उघडा पडतो. समोरचा माणूस बंद पडलेला संगणक पुढे ठेवतो आणि विचारतो, ‘काय झाले असेल, सांगा पाहू.’ पाठांतर तेथे गप्प बसते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. एक वही करा. डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे आपल्या भाषेत तिचा अर्थ. रोज दहा संज्ञा. तीन महिन्यांत नऊशे होतील. जी गोष्ट स्वतःच्या भाषेत दुसऱ्याला समजावता येते, तीच आपल्याला समजलेली असते.

पालकांना एक विनंती. कर्ज काढून एकदम तीन अभ्यासक्रमांचे पैसे भरू नका. एक निवडा, तो पूर्ण होऊ द्या, मग दुसऱ्याचा विचार करा. शुल्काची पावती मागा. आणि लग्नाचे वय झाले म्हणून मुलीचे शिक्षण पहिल्या प्रमाणपत्रावर थांबवू नका. टंकलेखन, हिशेब, प्रोग्रॅमिंग यांत मनगटाचा जोर लागत नाही, चिकाटी लागते. आणि ती आपल्या लेकींकडे किती आहे हे डोक्यावर हंडे वाहणाऱ्या या तालुक्याला कोणी सांगायला नको. भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईची तहान भागवते, आणि त्याच शहापूर तालुक्यातली गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आपली बुद्धीही तशीच केवळ वाहून जाऊ नये. तुमच्यापैकी जो शिकून बाहेर जाईल, त्याने सुट्टीत गावी आल्यावर मागच्या चार मुलांना आपली ती संज्ञांची वही दाखवावी.

आज घरी गेल्यावर प्रमाणपत्र जरूर भिंतीवर लावा. उद्या सकाळी मात्र वही उघडा, पहिल्या पानावर आपल्याला हवे असलेले काम स्पष्ट शब्दांत लिहा, आणि त्याखाली त्या दहा जाहिराती उतरवायला सुरुवात करा. पुढची परीक्षा कोणती, याचे उत्तर त्या पानावर मिळेल.